कात्री आणि कथा : हान्स क्रिस्टियन अँडरसनचे कातरकाम

हान्स क्रिस्टियन अँडरसनच्या परीकथांची पहिली पुस्तिका ८ मे १८३५ रोजी कोपनहेगन येथे प्रसिद्ध झाली. तीत चारच कथा होत्या. त्यांपैकी तिघींचा आधार त्याने बालपणी ऐकलेल्या लोककथांत होता. चौथी, ‘छोट्या ईदाची फुले’, ही त्याची स्वतःची होती. या चौथ्या कथेत एक विद्यार्थी येतो. तो लहानग्या ईदाला गोष्टी सांगतो आणि सांगता सांगता कात्रीने कागदाची गमतीदार चित्रे कापून देतो : आत नाचणाऱ्या बायका असलेली हृदये, फुले, दारे उघडणारे मोठाले वाडे. त्याच घरी येणाऱ्या एका वयस्क सरकारी अधिकाऱ्याला हे मुळीच रुचत नाही. विद्यार्थ्याने कापलेला, हाती हृदय घेऊन फासावर लटकणारा माणूस आणि नवऱ्याला नाकावर बसवून झाडूवरून फिरणारी चेटकीण पाहून तो चिडतो. असल्या खुळचट कल्पना मुलांच्या डोक्यात भरवू नयेत, असे त्याचे मत आहे.

कथेतील विद्यार्थी म्हणजे स्वतः अँडरसन, आणि ईदा म्हणजे डॅनिश लोककथांचा संग्राहक यूस्ट माथियास टीले याची मुलगी. अँडरसन परीकथाकार म्हणून वाचकांपुढे प्रथम आला तो असा हातात कात्री घेऊन आला. आणि त्या कात्रीवर घेतला जाणारा आक्षेपही त्याने त्याच कथेत नोंदवून ठेवला. पुढे त्याच्या कथा जगातील शंभराहून अधिक भाषांत गेल्या. त्याचे कातरकाम मात्र दीर्घकाळ चरित्रग्रंथांच्या कडेला, एका विक्षिप्त माणसाची करमणूक म्हणून उल्लेखिले गेले. वस्तुतः त्याची कथा आणि त्याचे कातरकाम ही एकाच कृतीची दोन अंगे होती. समोर बसलेल्या श्रोत्यांना गोष्ट सांगणे ही ती कृती. तिचे एक अंग छापले गेले, दुसरे मुलांच्या हाती राहिले. या दुसऱ्या अंगाचा इतिहास पाहिल्याखेरीज पहिल्याची घडण पुरती समजत नाही.

अँडरसनचा जन्म २ एप्रिल १८०५ रोजी फ्यून बेटावरील ओडेन्स या गावी झाला. वडील जोडे शिवणारे कारागीर होते. त्यांना वाचनाची आवड होती; होल्बेरची नाटके आणि ‘अरबी रात्री’तील कथा ते मुलाला वाचून दाखवीत. त्यांनी त्याच्यासाठी बाहुल्यांचे एक छोटे नाट्यगृह तयार केले. वडील १८१६ मध्ये वारल्यानंतर मुलगा तासन् तास त्या नाट्यगृहाशी खेळत बसे आणि चिंध्यांतून बाहुल्यांची वस्त्रे बेतून शिवी. हाताचे हे कसब पाहून आईला तो शिंपी होईल असे वाटले. आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवी. आजी गावातील इस्पितळाच्या बागेची देखभाल करी. तिच्याबरोबर गेलेला मुलगा तेथे सूत कातीत बसलेल्या गरीब म्हाताऱ्यांकडून लोककथा ऐके आणि त्यांच्या मनोरंजनासाठी खडूने दारावर आकृत्या काढून आपणही काहीबाही सांगे. बोलणे आणि रेखाटणे यांची सांगड येथेच पडलेली दिसते.

या कुटुंबातील आणखी एका व्यक्तीचा ठसा त्याच्या मनावर खोल उमटला होता. आजोबांना वेड लागले होते. ते लाकडातून चमत्कारिक आकृत्या कोरीत : पशूचे मस्तक असलेली माणसे, पंख फुटलेली जनावरे. त्या टोपलीत भरून ते आसपासच्या खेड्यांत जात. शेतकऱ्यांच्या बायका त्यांना धान्य व खाण्याचे पदार्थ देत आणि ते त्यांच्या मुलांना ती खेळणी देत. एकदा गावातली पोरे आरडाओरडा करीत आजोबांच्या मागे लागली असता लहान अँडरसन भीतीने जिन्यामागे लपून बसला. आपण त्यांच्याच रक्तामांसाचे आहोत ही जाणीव त्याला झाली होती, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. ही भीती त्याला आयुष्यभर पुरली. पुढे श्रीमंतांच्या घरी पाहुणा म्हणून राहताना तो यजमानांच्या मुलांना कागदातून अशाच विलक्षण आकृत्या कापून देऊ लागला. अन्नाच्या बदल्यात खेळणी देणारे आजोबा आणि पाहुणचाराच्या बदल्यात कातरकाम देणारा नातू यांच्यातील साम्य नजरेआड करता येत नाही.

सप्टेंबर १८१९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो एकटाच कोपनहेगनला आला. राजनाट्यगृहात नाव काढावे ही त्याची इच्छा होती. गायन, नृत्य, अभिनय हे सर्व त्याने करून पाहिले. काही काळ तो नाट्यगृहाच्या नृत्यशाळेत होता आणि १८२१ मध्ये ‘आर्मीदा’ या नृत्यनाट्यात त्याने एका भुताची किरकोळ भूमिकाही केली. परंतु आवाज फुटला आणि उंच, हडकुळा, लांबलचक हातापायांचा देह नृत्यालाही अनुकूल नव्हता. रंगभूमीचे दार त्याला बंद झाले. नाट्यगृहाच्या संचालक मंडळातील योनास कोलिन यांनी सरकारी साहाय्य मिळवून देऊन १८२२ मध्ये त्याला स्लागेल्से येथील शाळेत धाडले. तेथील मुख्याध्यापक मायस्लिंग यांच्या कठोर व उपहासपूर्ण वागणुकीमुळे ती वर्षे त्याला अतिशय दुःखाची गेली. १८२८ मध्ये तो विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाला.

रंगभूमीने नाकारलेल्या या माणसाच्या कातरकामात रंगभूमीच सर्वत्र दिसते. एका पायावर तोल सांभाळणाऱ्या नर्तकी, पांढरा सैल पोशाख घातलेले पियेरो नावाचे मूक विदूषक, पडदे व कमानी असलेले रंगमंच, मुखवटे : या आकृती त्याने शेकडो वेळा कापल्या. त्यांत निव्वळ स्मरणरंजन नाही. नर्तकीचा देह कागदात कापताना त्याचा भार एका बिंदूवर कसा पेलायचा हा प्रश्न कात्रीलाही सोडवावाच लागतो; कागद एखाद्या अरुंद दुव्यापाशी फाटला तर सारी आकृती जाते. नृत्याचे शिक्षण देहाने पुरे करता आले नाही, पण त्यातील तोलाची जाण हाताने पकडून ठेवली, असे म्हणावे लागेल.

त्याच्या कातरकामाची पद्धत समकालीनांच्या आठवणींतून बऱ्यापैकी स्पष्ट होते. जेवणानंतर दिवाणखान्यात मंडळी जमली की तो एक कागद घेई, बहुधा मधोमध घडी घाली, आणि आपली चांगली मोठी कात्री चालवू लागे. आधी पेन्सिलीने रेघ मारण्याची त्याची रीत नव्हती. कापता कापता तो गोष्ट सांगे; कागद हातात फिरत राही, कपटे खाली पडत राहत. ऐकणाऱ्यांना कात्री काय करीत आहे याचा अंदाज येत नसे. गोष्ट संपतेवेळी तो घडी उलगडी आणि तिच्यातून नर्तकींची रांग, हंस किंवा एखादे वनदेवतांचे घर बाहेर येई. योनास कोलिन यांची पणती रीगमोर स्टाम्पे हिने लहानपणी हे सारे जवळून पाहिले होते. १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात तिने त्याच्या या छंदाचीही आठवण नोंदविली आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपात काळ्या कागदातून माणसाच्या चेहऱ्याची बाजू कापण्याची प्रथा लोकप्रिय होती. या छायाकृतींचे उद्दिष्ट हुबेहूब साम्य हे होते. छायाचित्रणाची कला येईपर्यंत मध्यमवर्गीय घरांत त्यांनी तसबिरींची जागा घेतली होती. अँडरसनचे कातरकाम या परंपरेत बसत नाही. त्याला कोणा विशिष्ट व्यक्तीचे रूप टिपायचे नव्हते. त्याचा कागद बहुधा पांढरा, क्वचित रंगीत असे. आणि आकृतीच्या बाह्यरेषेइतकेच महत्त्व तो आतील छिद्रांना देई. डोळे, तोंड, खिडक्या, दारे ही सारी कापून काढलेल्या पोकळीतून सिद्ध होत. अँडरसनच्या कागदाचे नाते त्यापेक्षा डेन्मार्कमधील घरगुती लोकप्रथांशी अधिक जवळचे आहे. वसंताच्या आरंभी नक्षीदार कापलेल्या कागदावर कोड्याची कविता लिहून निनावी पत्र पाठविण्याची तेथे रीत आहे. ओळखणाऱ्याने पाठविणाऱ्याचे नाव हुडकायचे असते. नाताळच्या झाडावर टांगावयाचे, दोन रंगांच्या कागदी पट्ट्या एकमेकींत गुंफून केलेले हृदयही तेथे घरोघरी आढळते. अशा हृदयांपैकी ज्ञात असलेले सर्वांत जुने अँडरसनने १८६०च्या सुमारास, भौतिकशास्त्रज्ञ अर्स्टेड यांच्या कन्येसाठी केले, असे मानले जाते.

घडीच्या कागदातून येणारी आकृती द्विभाज्य असते : जे डावीकडे तेच उजवीकडे. अशा रचनेत सौष्ठव आपोआप येते, पण एकसुरीपणाचा धोकाही असतो. अँडरसन हा धोका दोन प्रकारे टाळी. पुष्कळदा घडी उलगडल्यावर तो एखाद्याच बाजूला पुन्हा कात्री लावी, त्यामुळे जुळ्या चेहऱ्यांपैकी एक किंचित निराळा दिसे. दुसरे असे की, मोहक आणि भीषण या दोहोंना तो एकाच चौकटीत बसवी. नर्तकींच्या शेजारी कवट्या असत, देवदूतांच्या खाली फासाचे खांब. पवनचक्कीचा माणूस ही त्याची एक आवडती आकृती : देहाच्या ठिकाणी चक्कीची इमारत, तिला पायऱ्या व दार, आणि चक्कीची पाती फिरतात तेथे माणसाचे डोके. वस्तूला माणूसपण देण्याची जी किमया त्याच्या कथांत सुई, किटली, देवदार वृक्ष यांच्या बाबतीत घडते, तीच येथे शब्दांवाचून घडलेली आहे.

या सर्व आकृतींत हृदयचोराची आकृती विशेष लक्ष वेधून घेते. हाती हृदय घेऊन फासावर लटकलेला माणूस ईदाच्या कथेत येतो आणि प्रत्यक्ष कातरकामातही पुनःपुन्हा येतो. शाळेत असताना, १८२५ मध्ये, स्केलस्कोर येथे तीन अपराध्यांचा शिरच्छेद त्याने पाहिला होता आणि त्या दृश्याने तो फार हादरला होता. तथापि त्या अनुभवाने या आकृतीचा पुरता उलगडा होत नाही. रीबोर्ग व्होइट, पुढे गायिका येनी लिंड यांच्यावरील त्याचे प्रेम सफल झाले नाही. ज्या कोलिन घराण्याला तो आपले घर मानी त्यातील एडवर्ड याने १८३१ मध्ये त्याला एकेरी संबोधनाची जवळीक नाकारली. तो आजन्म अविवाहित राहिला. प्रेम हा ज्याच्या हातून एक प्रकारचा गुन्हाच ठरतो, असा हा हृदयचोर मुलांच्या हसण्याखिदळण्यात कागदातून कापला जात होता. मुलांना ती गंमत वाटे. थोरांपैकी किती जणांनी तिचा अर्थ ओळखला असेल, हा प्रश्न उरतोच.

त्याने आपल्या छापील कथांची चित्रे म्हणून स्वतःचे कातरकाम वापरले नाही. १८४९ च्या सचित्र आवृत्तीसाठी चित्रे काढली ती व्हिल्हेल्म पेडरसन या नौदलातील अधिकाऱ्याने. परंतु कागद मात्र त्याच्या कथांत वारंवार प्रवेश करतो. १८३८ मधील ‘निश्चल शिशाचा शिपाई’ या कथेतील नर्तकी कागदाची कापलेली आहे. ती कागदाच्याच वाड्याच्या दारात एका पायावर उभी आहे, म्हणून एकच पाय असलेल्या शिपायाला ती आपल्यासारखीच वाटते. शिपाई ज्या होडीतून गटारात वाहत जातो ती वर्तमानपत्राच्या कागदाची असून अखेर पाण्यात विरघळते. शेवटी वाऱ्याच्या झुळकीने नर्तकी उडून शेगडीत पडते आणि क्षणात जळून जाते. पाणी, वारा आणि आग यांच्यापुढे कागद किती क्षणभंगुर आहे हे त्या कथेत जाणकाराच्या हाताने लिहिलेले आहे.

त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी लिहिलेल्या जवसाच्या रोपाच्या कथेत तर कागदाचे संपूर्ण चरित्रच येते. निळ्या फुलांचे रोप उपटले जाते, कुटले जाते, त्याचे सूत निघते, सुताचे कापड होते, कापडाच्या चिंध्या होतात. चिंध्यांचा लगदा करून कागद बनतो, त्यावर गोष्टी लिहिल्या जातात आणि अखेर तो कागद शेगडीत जळतो. त्या काळी कागद खरोखरच चिंध्यांपासून होत असे. ज्याच्या आईचे आयुष्य परक्यांचे कपडे थंड पाण्यात धुण्यात गेले आणि जी १८३३ मध्ये ओडेन्सच्या आश्रयगृहात मरण पावली, त्या लेखकाला कापड आणि कागद यांतील हे नाते ग्रंथांतून शिकावे लागले नसावे.

कथनशैलीच्या दृष्टीने पाहता हा संबंध अधिकच जवळचा ठरतो. १८३५ च्या पुस्तिकेवर पुढील वर्षी जी परीक्षणे आली त्यांत दोन आक्षेप प्रमुख होते : भाषा लेखनाची नसून बोलण्याची आहे, आणि मुलांना बोध मिळत नाही. ईदाच्या कथेतील अधिकाऱ्याचा आक्षेपही थोडाफार असाच होता, आणि तो परीक्षकांच्या आधी लिहिला गेला होता. अँडरसनने बोलीतील उद्गार, अर्धवट वाक्ये, मध्येच श्रोत्याकडे वळणे, ध्वनींची नक्कल ही सर्व सामग्री डॅनिश गद्यात आणली. एडवर्ड कोलिनने १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत, मुलांना गोष्ट सांगताना अँडरसन कोरड्या वाक्यालाही हावभावांनी व आवाजांनी कसा जिवंत करी याचे वर्णन केले आहे. कात्रीचे काम या वर्णनाला पूरक ठरते. घडी घातलेल्या कागदात शेवट आधीच दडलेला असतो, पण तो कापणाऱ्यालाही पूर्णपणे दिसत नसतो. अँडरसनच्या उत्कृष्ट कथांची अखेर अशीच एका हालचालीत उलगडते. १८३५ मध्येच, परीकथांच्या एक महिना आधी, त्याची ‘इम्प्रोव्हिजातोरे’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. तिचा नायक हा लोकांनी दिलेल्या विषयावर तत्क्षणी काव्य रचणारा इटालियन शीघ्रकवी आहे. शीघ्ररचनेचा हा आदर्श त्याला कवितेपेक्षा कागदात अधिक सहजपणे गाठता आला.

प्रवासाने त्याच्या कातरकामाला नवे विषय दिले. १८३३-३४ च्या इटलीच्या प्रवासात त्याने पुष्कळ रेखाटने केली. १८४०-४१ मध्ये तो इटली, माल्टा व ग्रीस या मार्गाने कॉन्स्टँटिनोपलपर्यंत गेला आणि डॅन्यूब नदीतून परतला. तेथे त्याने दरवेशांचे नृत्य पाहिले. या प्रवासाचे वृत्त १८४२ च्या ‘कवीचा बाजार’ या ग्रंथात आहे. मिनार, घुमट, ताडाची झाडे, पागोटेधारी पुरुष यांची कातरकामातील गर्दी याच अनुभवाशी जोडता येते, जरी वडिलांनी वाचून दाखविलेल्या ‘अरबी रात्रीं’चा वाटाही तिच्यात असावा. परदेशात कातरकामाचा आणखी एक उपयोग झाला. अँडरसनचे परभाषांवरील प्रभुत्व बेताचेच होते. १८५७ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडमध्ये चार्ल्स डिकन्सच्या घरी पाच आठवडे राहिला. त्याचे इंग्रजी कोणाला नीट कळत नव्हते. मुक्काम लांबला आणि घरची माणसे कंटाळली. तरीही डिकन्सचा मुलगा हेन्री याला उतारवयात त्या पाहुण्याची आठवण राहिली ती त्याने कात्रीने कापलेल्या नाजूक पऱ्यांमुळे. भाषांतर जेथे थांबले तेथे कागदाने थोडाफार संवाद साधला.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने या संदर्भात ‘चित्रांवाचून चित्रांचे पुस्तक’ ही १८३९ मधील कृती लक्षणीय आहे. माळ्यावरच्या खोलीत राहणाऱ्या एका गरीब, एकाकी चित्रकाराला चंद्र रोज संध्याकाळी आपण पाहिलेले एकेक दृश्य सांगतो आणि ते चित्रात उतरविण्यास सुचवितो. पुढे वाढत जाऊन या दृश्यांची संख्या तेहेतीस झाली. त्यांतील पहिलेच दृश्य गंगेच्या काठचे आहे. एक हिंदू तरुणी झाडीतून बाहेर येते आणि प्रियकर जिवंत आहे की नाही हे जाणण्यासाठी पेटता दिवा प्रवाहात सोडते. दिवा दृष्टीआड होईपर्यंत तेवत राहतो. अँडरसनने भारत कधी पाहिला नव्हता, आणि हे चित्र त्या काळच्या युरोपीय कल्पनेतील भारताचेच आहे. परंतु त्याची रचना पाहण्यासारखी आहे : काळोखाची पार्श्वभूमी, झाडीतून निघालेली एकच आकृती, आणि मध्ये प्रकाशाचा एक लहान ठिपका. छिद्रातून उजेड दाखविणाऱ्या कागदाची ही पद्धत शब्दांत आलेली आहे. १८४७ मधील ‘सावली’ या कथेत तीच पद्धत भयावह होते. तेथे माणसापासून सुटलेली सावली धन्यालाच आपली सावली बनविते आणि अखेर त्याचा जीव घेते.

उत्तर आयुष्यात कातरकामाला चिकटकामाची जोड मिळाली. कोलिन यांचे जावई आडोल्फ ड्रेव्सेन यांच्या सोबतीने अँडरसनने घरातील मुलांसाठी चित्रवह्या तयार केल्या. १८५९ मध्ये ड्रेव्सेन यांची नात क्रिस्टिने स्टाम्पे हिच्यासाठी केलेली वही त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. वर्तमानपत्रे, जाहिराती व पुस्तके यांतील छापील चित्रे कापून त्यांत चिकटविलेली आहेत; मध्ये मध्ये अँडरसनने स्वतः कापलेल्या आकृती आणि लहान लहान पद्ये आहेत. मूळ संदर्भातून सुटलेली चित्रे येथे एकमेकांशेजारी येऊन नवा, बहुधा विनोदी अर्थ धारण करतात. विसाव्या शतकातील चित्रकारांनी चिकटचित्राला कलेचा दर्जा मिळवून दिला. त्याच्या अर्धशतक आधी एका मुलीच्या वहीत हे प्रयोग चालू होते. तथापि त्यांमागे नव्या कलेचा जाहीरनामा नव्हता, समोर एक विशिष्ट मूल होते, हा भेद विसरता कामा नये.

१८७३-७४ च्या हिवाळ्यात आजारपणामुळे घरात अडकून पडलेल्या अँडरसनने या प्रकारातील आपली सर्वांत मोठी कृती हाती घेतली. ती म्हणजे घडीचा एक आडपडदा. त्याच्या आठ फलकांवर शेकडो छापील चित्रे कापून चिकटविलेली आहेत. एक फलक बालपणाचा, एक रंगभूमीचा. उरलेले डेन्मार्क, स्वीडन व नॉर्वे, जर्मनी व ऑस्ट्रिया, फ्रान्स, इंग्लंड आणि पौर्वात्य देश यांचे. चेहऱ्यांची दाटी, त्यांतून वर येणारे मनोरे व पर्वत अशी ही मांडणी आहे. वाचलेले, पाहिलेले आणि भेटलेले सारे जग एका पडद्यावर आणण्याचा हा उद्योग म्हणजे त्याचे अक्षरांवाचूनचे आत्मचरित्रच होय. १८७४ मध्ये डोरोथेआ मेल्किओर या स्नेही बाईंसाठी त्याने एक मोठे व अतिशय गुंतागुंतीचे कातरकाम केले. त्याच्या साऱ्या आयुष्यातील आकृती त्या एका पानावर एकत्र आलेल्या दिसतात. मेल्किओर कुटुंबाच्या कोपनहेगनबाहेरील ‘रोलिगहेड’ या घरीच ४ ऑगस्ट १८७५ रोजी त्याचे निधन झाले.

ओडेन्स येथील त्याचे घर १९०८ मध्ये संग्रहालय म्हणून उघडण्यात आले. कोपनहेगनच्या राजग्रंथालयात आणि इतरत्रही त्याचे कातरकाम आहे. जे टिकले ते बहुतांशी कोलिन, स्टाम्पे, मेल्किओर यांच्यासारख्या घराण्यांनी वह्यांत जपून ठेवल्यामुळे. १९६९ मध्ये केल्ड हेल्टोफ्ट यांनी त्याच्या चित्रकलेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हापासून या कामाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. २०२१ मध्ये ओडेन्सला उघडलेल्या नव्या संग्रहालयातही या कागदांना स्थान आहे.

तरीही जे जपले गेले ते एकाच अंगाचे अवशेष आहेत. हृदयचोर कापताना त्याने त्या संध्याकाळी कोणती गोष्ट सांगितली, कोणत्या शब्दाला कात्री थांबली, कोणते मूल केव्हा हसले, यांतील बहुतेक काही कोणी लिहून ठेवले नाही. उलट छापील कथांपाशी शब्द आहेत, पण त्यांच्यासोबत चालणारा हात नाही. मौखिक परंपरेच्या अभ्यासकांना ही अडचण नवी नाही : संहिता हाती येते तेव्हा प्रयोग संपलेला असतो. अँडरसनला ती अडचण पुरेपूर ठाऊक होती. १८४३ मधील ‘बुलबुल’ या कथेत रत्नजडित यांत्रिक पक्षी एकच गाणे पुनःपुन्हा अचूक गातो आणि अखेर मोडतो; खरा पक्षी काय गाईल हे कोणालाच आधी सांगता येत नाही. परंतु या कथाकाराने दोन्ही पक्षी बाळगले, हे त्याच्या चरित्रातून दिसते. त्याने आपल्या कथा मुद्रणासाठी काळजीपूर्वक घासूनपुसून सिद्ध केल्या, आणि त्याच हातांनी शेकडो कागद कापून मुलांना देऊन टाकले, त्यांचे पुढे काय होईल याची तजवीज न करता. ओडेन्सच्या संग्रहातील पानांवर आजही मधोमध घडीची रेघ दिसते. ती घडी प्रथम उलगडली गेली तेव्हा कोणीतरी समोर बसून ऐकत होते.